पेटीची किल्ली कोणाकडे?

मार्च महिना लागला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून पावती पुस्तके बाहेर पडतात. संध्याकाळी कामावरून परतलेले चार-सहा कार्यकर्ते दारोदार फिरतात, 'जयभीम' करतात आणि १४ एप्रिलच्या जयंतीसाठी कोणी पन्नास, कोणी शंभर, तर कोणी पाचशेची पावती फाडून घेतो. धुणीभांडी करणारी बाई, नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर, ऑफिसातला शिपाई, शाळेतले गुरुजी, सर्वांच्या घामाचा पैसा एकाच पेटीत पडतो. त्याच पेटीतून जयंती होते, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या बांधवांसाठी पाण्याची व जेवणाची सोय होते, दहावी-बारावीच्या मुलांना वह्या-पुस्तके मिळतात. एखाद्या घरी मयत झाली तर पहिला खर्चही तिच्यातूनच भागतो.

अशी मंडळे गावोगावी आहेत. त्यांच्या कार्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु आज आम्ही लिहिणार आहोत ते त्या पेटीच्या किल्लीविषयी. कारण मंडळाचे नेतृत्व कसे आहे, हे जयंतीच्या स्टेजवरून कळत नाही. ते किल्लीवरून कळते. हा धडा आम्हांला फार उशिरा मिळाला, आणि तो आमच्याच चुकीतून मिळाला.

आमची वस्ती मुंबईच्या उपनगरात, टेकडीच्या उतारावर आहे. घरे शंभर-सव्वाशे. मध्ये पत्र्याचे छोटेसे बुद्धविहार. मंडळ जुने. अध्यक्ष पहिल्यापासून एकच. सारी वस्ती त्यांना 'दादा' म्हणते. नळाची लाईन असो की रेशनकार्ड, दादांनी आपल्या चपला झिजवल्या, हे कोणीही नाकारणार नाही. आम्ही बी.कॉम. होऊन कारकुनीला लागलो तेव्हा दादा म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकलेले. हिशेब तुम्हीच बघा." आम्ही खजिनदार झालो आणि तब्बल अकरा वर्षे खजिनदारच राहिलो. दर महिन्याला घरटी वीस रुपये वर्गणी, बँकेत खाते, दादांची आणि आमची अशा दोन सह्या. अडीअडचणीसाठी पाच हजार रुपये रोख विहारातल्या लोखंडी पेटीत. पेटीची किल्ली आमच्या खिशात. एका पैशाचीही अफरातफर नव्हती. त्यामुळे आपले सर्व ठीक चालले आहे, अशी आमची समजूत होती.

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. गावी चुलते वारले म्हणून आम्ही कोकणात गेलो. त्याच आठवड्यात दादांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. एका रात्री धो धो पावसात वस्तीतल्या एक वृद्ध आजी पायऱ्यांवरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले, डोक्यालाही मार लागला. पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेले. जवळच्या खाजगी दवाखान्यात आधी पैसे भरायला सांगितले. पेटीत पाच हजार होते. पण किल्ली आमच्याबरोबर दोनशे मैलांवर! आमच्या गावात फोनही लागेना. ज्या आजींनी मंडळाच्या स्थापनेपासून एकही वर्गणी चुकवली नव्हती, त्या रिक्षात कण्हत पडल्या, आणि त्यांचाच पैसा कुलपात राहिला.

त्या रात्री वस्तीतल्या एक अंगणवाडी सेविका ताई पुढे झाल्या. डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन त्यांनी दारे ठोठावली. त्रेचाळीस घरांतून तीन हजार आठशे सत्तर रुपये जमले. मुलीच्या शाळेच्या वहीतली पाने फाडून त्यांनी प्रत्येक नाव आणि रक्कम लिहून घेतली. तासाभराने आजी दाखल झाल्या. पुढे त्यांना महापालिकेच्या इस्पितळात हलवले आणि त्या बऱ्या झाल्या. आम्ही परतल्यावर भेटायला गेलो, तर आजी आम्हांलाच धीर देऊ लागल्या, "बाळा, वाईट वाटून घेऊ नको. इतकी वर्सं पैसं दिलं, पन किल्ली कुठं असती ह्ये म्या बी कधी इचारलं न्हाई."

आम्हांला मान वर करता आली नाही.

वर्षावासाचे दिवस होते. रोज संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चाले. त्या रविवारी वाचन संपल्यावर बैठक बसली. ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी भिजून सुकलेली ती पाने वाचली. अमक्याचे शंभर, तमकीचे पन्नास, रिक्षाला इतके, औषधांना इतके, उरलेले आजींच्या सुनेच्या हाती दिले, ही तिची सही. पाच मिनिटांत जमाखर्च संपला. मग कोणीतरी विचारले, "मंडळाचा हिशेब शेवटचा कधी वाचला होता?" आम्ही आठवू लागलो. तीन वर्षे झाली होती! वह्या आमच्या घरी अगदी चोख लिहिलेल्या होत्या. पण ज्यांचा पैसा, त्यांना त्या कधी दाखवल्याच नव्हत्या. आमची बी.कॉम.ची पदवी त्या चार ओल्या पानांपुढे फिकी पडली.

दादांना मात्र राग आला. "वीस-पंचवीस वर्षं उन्हातान्हात फिरलो, आता मी चोर ठरलो का?" विहारात शांतता पसरली. ताई नम्रपणे म्हणाल्या, "दादा, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर आम्ही वर्गणी देतो. पण तुम्ही आजारी पडलात, तर तो विश्वास आम्ही कोणाच्या खिशात शोधायचा?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीच्या इतिहासातच आहे. २० जुलै १९२४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. विलायतेहून उच्च पदव्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना एकट्याच्या नावावर सारे चालवणे अवघड नव्हते. पण त्यांनी रीतसर संस्था उभी केली. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार निवृत्ती तुळशीराम जाधव. पैशाची जबाबदारी वेगळ्या माणसाकडे दिली होती. या सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले, इतकेच नव्हे तर तरुणांसाठी 'महार हॉकी क्लब'ही चालवला. आपल्या वस्तीतली व्यायामशाळा, वाचनालय, क्रिकेटचा संघ ही त्याच परंपरेची लेकरे आहेत.

१९ व २० मार्च १९२७ ची महाडची परिषद घ्या. चवदार तळे म्हटले की बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेले पाणी आपल्या डोळ्यांपुढे येते. पण परिषदेला जमलेल्या हजारो लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे काय? गावचे पाणवठे आपल्याला बंद होते. स्वागत मंडळाला चाळीस रुपये खर्चून पाणी विकत घ्यावे लागले. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्याची नोंद केली आहे. जमाखर्चातली ती एक ओळ म्हणजे अस्पृश्यतेचा केवढा मोठा पुरावा! त्या परिषदेमागे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तिथलेच तरुण कार्यकर्ते राबत होते. लोकांना बोलावणे, उतरवणे, त्यांच्या अन्नपाण्याची तजवीज करणे ही कामे कोणीतरी केली, म्हणून तो सत्याग्रह घडला. हिशेब लिहिणे आणि पाणी वाटणे हे लहान काम आहे, असे म्हणणाऱ्याने महाड आठवावे.

आणि २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतले भाषण तर आपण दरवर्षी ऐकतो. राजकारणातली व्यक्तिपूजा शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी त्यात दिला. लोकशाही भारताला अपरिचित नव्हती, हे सांगताना त्यांनी बौद्ध भिक्खू संघाचा दाखला दिला. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम संघाला ठाऊक होते व तो ते पाळत होता. हा इशारा दिल्लीपुरता नाही. वस्तीतल्या पत्र्याच्या विहारालाही तो तितकाच लागू आहे. आपल्या दादांवर प्रेम करावे, पण दादांशिवाय मंडळ चालू शकत नसेल तर तो दादांचाही पराभव आहे.

त्या बैठकीत आम्ही स्वतःहून खजिनदारपद सोडले आणि पेटीची किल्ली सर्वांसमोर सतरंजीवर ठेवली. पुढच्या दोन बैठकांत काही ठराव झाले. इतर मंडळांना उपयोग व्हावा म्हणून ते इथे देतो. बँकेत तीन सह्यांची नोंद, त्यांपैकी कोणत्याही दोन चालतील. पेटीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, आणि ती घरे कोणती हे सर्वांना ठाऊक. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत विहाराच्या फळ्यावर जमाखर्च. पदाची मुदत दोन वर्षे, एका पदावर लागोपाठ दोनच वेळा. प्रत्येक पदाला एक सहायक, त्याने काम शिकून घ्यायचे. कार्यकारिणीत निम्म्या महिला. वंदना घ्यायला आणि भाकऱ्या भाजायला महिला चालतात, मग सही करायला का नको?

नव्या खजिनदार त्याच अंगणवाडीच्या ताई झाल्या. किर्द-खतावणी कशी घालायची, हे आम्ही त्यांना शिकवले. लोकांपुढे हिशेब कसा मांडायचा, हे त्यांनी आम्हांला शिकवले.

लवकरच कसोटीची वेळ आली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. नाका बंद, धुणीभांडी बंद. जयंतीची वर्गणी जमलेली होती. त्या वर्षी जयंती घराघरांत साजरी झाली आणि फोनवरून एकेकाची संमती घेऊन ती रक्कम धान्याकडे वळवली. पाच किलो तांदूळ, दोन किलो डाळ, तेल, मीठ, साबण. देताना कोणाचाही फोटो काढायचा नाही, हे ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले. "घेणारा आपला वर्गणीदार आहे, भिकारी नाही," असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिलच्या अखेरीस आम्हांलाच ताप आला आणि आमचे सारे कुटुंब घरात कोंडले गेले. चौथ्या दिवशी दारात पिशवी आली. पुढे ताईंची वही पाहिली, तर इतर घरांप्रमाणेच आमच्याही घराचा क्रमांक, तारीख आणि धान्याचे वजन लिहिलेले. खजिनदार असताना आमच्या आजारपणाने मंडळ अडले असते. आता आम्ही अंथरुणावर होतो आणि मंडळ चालत होते.

आणि दादा? पहिले वर्षभर ते रुसले होते, विहाराच्या मागच्या बाजूला बसत. ६ डिसेंबर २०२० ला महामारीमुळे चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन होते. त्या दिवशी त्यांनी विहारात नव्या पोरांना जवळ बसवून पूर्वी नळाची लाईन कशी मिळवली, अर्ज कसा लिहिला, कोणत्या कचेरीत किती खेटे घातले, ते सांगितले. पोरांनी ते वहीत उतरवून घेतले. आता दादा सल्लागार आहेत. शिवाजी पार्कवर आमच्या मंडळातर्फे पाणीवाटप होते तेव्हा पिंपाशी ते सर्वांत आधी उभे असतात. आम्हांला तर ते पूर्वीपेक्षा मोठे वाटतात.

सर्व काही आलबेल आहे, असे नाही. मिरवणुकीला दोनशे तरुण येतात, हिशेबाच्या बैठकीला बारा. फळ्यावरचा जमाखर्च एखाद्या महिन्यात राहून जातो, मग कोणीतरी ताईंना टोकते. नोंदणीकृत संस्थेत पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. त्याचा कंटाळा केला की जुनीच नावे कागदावर राहतात आणि पुढे भांडणे कोर्टात जातात. एकोप्याने जमावे, एकोप्याने उठावे, हे भगवंतांनी वज्जींना सांगितलेले सूत्र पाळायचे तर कागदही नीट ठेवावे लागतात.

तथागतांनी आपल्या पश्चात कोणालाही वारस नेमले नाही. धम्म हाच मार्गदाता राहील, असे सांगितले. अडीच हजार वर्षांनंतरही तो धम्म आपल्यापर्यंत पोचला. मग चाळीस-पन्नास वर्षांच्या मंडळाला एका माणसाच्या खिशाची गरज का भासावी?

यंदा जयंतीची पावती फाडायला कार्यकर्ते आपल्या दारी येतील. त्यांना आनंदाने वर्गणी द्या, पाणी विचारा, त्यांच्या कष्टांचा मान राखा. आणि जाता जाता एवढेच विचारा, "भाऊ, पेटीची किल्ली कोणाकडे आहे? आणि ते नसतील तेव्हा कोणाकडे?" विचारताना संकोच वाटला, तर आमच्या वस्तीतल्या आजींची आठवण ठेवा.

जयभीम!