भरतीची तयारी करताय? हायवे सोडा, मातीची वाट धरा

फज्रची नमाज पढून बाहेर आलं की पहूरच्या रस्त्यावर पळणारी मुलं दिसतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला फौजेत जायचंय. मेहनत खरी आहे. पण जळगाव-छत्रपती संभाजीनगर हायवेवर, अंधारात, पाठीमागून ट्रक येत असताना पळणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यात कानात इयरफोन असला तर विचारूच नका. शिक्षक म्हणून आणि बाप म्हणून या पोरांना एकच सांगणं आहे: डांबर सोडा, शिवारातल्या गाडवाटेवर या.

कच्च्या, चढउताराच्या वाटेवर धावण्याला ट्रेल रनिंग म्हणतात. पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा या गडांच्या वाटांवर ‘एसआरटी अल्ट्रा’ ही शर्यत होते. युरोपात माँ ब्लाँ पर्वताभोवती २००३ पासून सुमारे १७० किलोमीटरची शर्यत होते. आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही. फर्दापूरकडचा अजिंठ्याचा डोंगर खुणावतो खरा, पण जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. सुरुवातीला गावचं शिवार पुरे.

फायदा काय? डांबरावर प्रत्येक पाऊल एकसारखं पडतं. मातीत ते दर वेळी वेगळं पडतं, त्यामुळे घोट्याभोवतीचे बारीक स्नायू मजबूत होतात, तोल सुधारतो. चढावर वेग कमी असला तरी हृदय आणि फुफ्फुसांची भरपूर कसरत होते. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार अडवतात. म्हणून मांड्या त्याच दिवशी नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात. तेव्हा घाबरू नका, पण आराम करा.

आता अडचणी. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते. अशाच एका भेगेत माझा पाय मुरगळला होता, पंधरा दिवस खुर्चीत बसून वर्ग घ्यावे लागले. पावसाळ्यात तीच माती बुटाला चिकटते, पाय उचलत नाही. कपाशी निघाली की पऱ्हाटीचे खुंट राहतात, बाभळीचे काटे तर बारमाही. गवतात साप असू शकतो. म्हणून नमाजनंतर नीट उजाडेपर्यंत थांबा, नजर तीन-चार पावलं पुढे ठेवा आणि पावलं छोटी टाका. चढ उभा असेल तर सरळ चाला. त्यात कमीपणा नाही, मोठे धावपटूही चालतात. किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा: पहिले काही आठवडे वीस-पंचवीस मिनिटं पुरेत.

हवामानाला हलकं घेऊ नका. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि थंड वारा सुटला, आणि २१ धावपटू दगावले. आपल्याकडे भीती उलटी आहे, उन्हाची. जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी या, सोबत पाणी ठेवा. डोकं गरगरलं किंवा बोलणं अडखळलं तर लगेच सावलीत बसा, अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा. विजा चमकत असतील तर निघूच नका. रोजा असताना जोराचं धावणं टाळा, इफ्तारनंतर थोड्या वेळाने हलकं चालणं-पळणं करा.

भरतीचा हिशोबही सांगतो. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण मिळतात. ही धाव सपाट मैदानावर होते. म्हणून नुसत्या गाडवाटेवर भागणार नाही. आठवड्यातून दोन दिवस मैदानावर घड्याळ लावून धावा, दोन-तीन दिवस मातीच्या वाटेवर. वाट ताकद देते, मैदान वेग देतं.

पालकांनो, हे मुलींसाठीही आहे. अजमेरच्या सुफिया खान यांनी २०१९ मध्ये काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर ८७ दिवसांत धावून पार केलं. आपली मुलगी दोन किलोमीटर तरी धावू शकते. तिच्यासोबत बहीण, मैत्रीण किंवा अब्बू असू द्या. मुलगा असो वा मुलगी, एकट्याने जाऊ नये, आणि कोणत्या वाटेने जातोय ते घरी सांगून निघावं.

भरतीत सगळेच लागतील असं नाही, हे आपल्याला माहीत आहे. यादीत नाव न आलेल्या मुलाला मी खचताना पाहिलंय. पण मातीत कमावलेला दम आणि सकाळी उठायची सवय कुणी काढून घेत नाही. उद्या सकाळी आपल्या मुलासोबत अर्धा किलोमीटर चालत जा आणि हायवे सोडून कुठे वळायचं, ती वाट त्याला दाखवा.