दुधाच्या दातांची कीड: बाळाचा वरचा ओठ उचलून पाहा

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत,’ हे वाक्य दवाखान्यात नेहमी ऐकू येते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचे दात वाकडे येऊ शकतात. दुखण्याने मूल जेवत नाही, झोपत नाही, ते वेगळेच.

लहान बाळांत कीड बहुधा वरच्या पुढच्या चार दातांपासून सुरू होते. बाटली तोंडात ठेवून बाळ झोपले की दूध या दातांभोवती साचते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ते धुऊन जात नाही. तोंडातले जंतू दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्याने दाताचे कवच विरघळू लागते. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला असल्याने बरेचदा वाचतात.

म्हणून महिन्यातून एकदा बाळाला मांडीवर आडवे घ्या आणि वरचा ओठ हळूच उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ आहे का? ओल्या फडक्याने पुसूनही ती जात नसेल तर ती किडीची पहिली खूण समजा. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि बदललेल्या सवयी यांनी कीड थांबवता येते. खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही.

पहिला दात दिसताच दिवसातून दोनदा मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड टूथपेस्ट वापरा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. एवढीशी पेस्ट गिळली गेली तरी घाबरू नका. मात्र यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकते. तिथे आधी डॉक्टरांना विचारा.

रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी द्या. वर्ष उलटल्यावर बाटली सोडवून कप सुरू करा. यासाठी अंगावरचे दूध मात्र तोडू नका. चोखणी मधात बुडवून देणे टाळा. वर्षाच्या आत तर मध गुटीतूनही नको, कारण त्याचा धोका दातांपुरता नाही.

दंतवैद्यांकडे पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. पांढरी रेघ दिसली तर तेवढेही थांबू नका.