भूतबाधा नाही, नाटकही नाही

नववीत शिकणारी एखादी मुलगी शाळेतून आली की तासन्‌तास एका जागी बसून राहते. हाक मारली तरी ओ देत नाही. कधी दातखीळ बसते, हातपाय ताठ होतात. नंतर विचारले तर काहीच आठवत नाही. शेजारी म्हणतात, "बाहेरचे आहे, कुणाला तरी दाखवा." आपल्या घरांतून अंगारे-धुपारे गेले, त्यामुळे आपण मांत्रिकाकडे जात नाही. पण बऱ्याचदा आपणही म्हणतो, "नाटके करते, अभ्यास नको म्हणून." बांधवांनो, भूतबाधा जितकी खोटी, तितकाच हा आरोपही चुकीचा असू शकतो.

मानसशास्त्रात या अवस्थेला डिसोसिएशन म्हणतात. आठवण, भावना, शरीराची जाणीव आणि 'मी कोण' हे भान एरवी एकत्र चालते. या विकारात ते एकमेकांपासून तुटते. एखाद्याला ठरावीक काळातले काही आठवत नाही. एखाद्याला आपण स्वतःलाच दुरून पाहत आहोत असे वाटते. कुणाला झटके येतात, कुणी वेगळ्याच आवाजात बोलते. ज्याला आपल्याकडे 'अंगात येणे' म्हणतात, त्यातले काही प्रकार याच विकाराचे असतात. जुन्या आघाताशी याचा संबंध फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्येच मांडला होता.

हे का घडते? संकट आले की माणूस लढतो किंवा पळतो. लहान मूल यातले काहीच करू शकत नाही. त्यातही मारणारा किंवा अंगाशी झोंबणारा घरातलाच असेल, तर जेवणासाठी आणि मायेसाठी त्याच्याचकडे जावे लागते. शरीराला पळता येत नाही, तेव्हा मन बाजूला सरकते. 'हे माझ्याबाबतीत घडतच नाही' अशी ती अवस्था असते. त्या वेळी ती मुलाला वाचवते. पण अत्याचार वारंवार झाला, तर मनाला तशी सवय लागते आणि पुढे साध्या रागावण्यानेही भान सुटू लागते. अत्याचार सोसलेल्या प्रत्येक मुलाला हा विकार होत नाही, आणि प्रत्येक रुग्णामागे अत्याचारच असतो असेही नाही. पण तीव्र विकारांमागे बालपणीचा छळ फार मोठ्या प्रमाणावर आढळतो.

आपल्याकडे असे काही नाही, असे समजू नये. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनपैकी दोन मुलांनी मारहाण सोसली होती. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवला होता आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. शाळेत जातीवरून होणारा अपमानही मुलाच्या मनावर घावच करतो. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागल्याची आठवण बाबासाहेबांनी मोठेपणी लिहून ठेवली. त्याच बाबासाहेबांचे नाव घेऊन, 'शिकलाच पाहिजे' म्हणत आपण मुलाला पट्ट्याने मारत असू, तर थांबून विचार करायला हवा.

मग काय करावे? झटके येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवून फेफरे नाही ना, याची खात्री करावी. झटक्याच्या वेळी कांदा, चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. मूल भानावर आल्यावर शांतपणे त्याचे नाव घ्यावे, ते कुठे आहे ते सांगावे, गार पाण्याने हात-तोंड धुऊ द्यावे. 'तुला काय झालंय?' असे दरडावण्याऐवजी 'तुझ्याबाबतीत काही घडलं का?' असे एकांतात, मायेने विचारावे. सांगायचे नसेल तर खोदू नये. सांगितले तर विश्वास ठेवावा.

या विकारावर मुख्य उपचार म्हणजे मानसोपचार आणि सुरक्षित घर. गोळ्या सोबतच्या नैराश्यावर वा भीतीवर उपयोगी पडतात. एक सूचना खास आपल्यासाठी: मन शांत होईल म्हणून अशा व्यक्तीला थेट दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला बसवू नये. दीर्घ मौनात जुने आघात उसळून भान अधिक सुटू शकते. आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे.

मूल संकटात असेल तर १०९८, मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्ही सेवा मोफत आहेत. मुलावरील लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. 'घरातच मिटवू' म्हणणे म्हणजे मुलाला पुन्हा त्याच माणसाच्या हाती देणे.

पुत्रशोकाने भान हरपलेल्या पटाचारेला लोक वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, तिचे ऐकून घेतले. आपल्या विहारात, आपल्या घरात मुलांचे ऐकून घेणारा एक तरी मोठा माणूस असावा. तो आपण होऊ शकतो.

जयभीम!