उन्हाळ्याचे बारा आठवडे परदेशात : विद्यार्थी व पालकांसाठी

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की आमच्या पिढीला मामाचे गाव, आंब्याची अढी आणि दुपारचा पत्त्यांचा डाव आठवतो. आता काळ बदलला. आपल्या जुळे सोलापुरातील एखादी मुलगी याच सुट्टीत बारा आठवडे जर्मनीला किंवा कॅनडाला प्रयोगशाळेत काम शिकायला जाते. याला इंटर्नशिप म्हणतात. माझी सख्खी भाची २०२४ च्या उन्हाळ्यात अशी जर्मनीला जाऊन आली. तिचे वडील एस.टी. आगारात मेकॅनिक, आई घर सांभाळते. दोन्हीकडच्या घराण्यात विमानात बसलेली ती पहिलीच. मी बँकेत कारकून असल्यामुळे पैशाचा हिशेब माझ्याकडे आला आणि तो मी चुकवला. कसा चुकवला हे समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना कळावे म्हणून हा लेखनप्रपंच. शहराचे व संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर शिक्षणासाठी व पीएच.डी.साठी आहेत. दोन-तीन महिन्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणाला त्यांचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळे मार्ग आहेत. जर्मनीच्या डाड या संस्थेचा 'वाइज' हा कार्यक्रम निवडक भारतीय संस्थांतील पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी चालत आला आहे. कॅनडाच्या मिटॅक्स संस्थेची बारा आठवड्यांची ग्लोबलिंक इंटर्नशिप आहे. शिवाय एखाद्या प्राध्यापकाला थेट पत्र लिहूनही जागा मिळते. माझ्या भाचीला तशीच मिळाली. पन्नासएक पत्रे लिहिली, उत्तरे चार आली आणि त्यातला होकार एक. त्या त्या वर्षीची जाहिरात आणि अटी मात्र स्वतः वाचाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

परदेशात पाऊल ठेवल्यावर पहिल्या काही दिवसांत सर्वांचीच तारांबळ उडते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचीही उडाली होती. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी वारले. जून महिन्यात बडोदा संस्थानाशी करार झाला आणि जुलै १९१३ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर राहिले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही. मग काही भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि अखेर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ती मैत्री आयुष्यभर टिकली. आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो, पण खोली बदलण्याचा हा त्रास वाचून पुढे जातो. पहिली खोली, पहिले जेवण, पहिला शेजारी जमला नाही म्हणजे आपले काही चुकले असे मुळीच नाही.

भाची १२ मे २०२४ रोजी पोहोचली. तो रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. उघडी सापडतात ती मोठ्या रेल्वे स्थानकातली आणि पेट्रोल पंपावरची. हे आम्हाला ठाऊक नव्हते. ताईने बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांवर पोरीचे दोन वेळचे भागले. (ताईने ते डबे भरले तेव्हा 'वजन वाढेल' म्हणून कुरकुर करणारा मीच.) पुढच्याच आठवड्यात रविवारला जोडून सोमवारी सण आला, २० मे रोजी, आणि दोन दिवस सगळे बंद. तेव्हा विमानाचे तिकीट काढताना पोहोचण्याचा वार बघावा. शुक्रवार-शनिवारी उतरू नये, रविवारी तर नकोच.

आता मूळ मुद्दा पैशाचा. विद्यावेतन मिळणार होते आणि ते पुरेसे होते. मी वहीत बारा आठवड्यांचे उत्पन्न एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला मांडला, शिल्लक निघाली, मी समाधानाने वही मिटली. रोज खातेदारांच्या धनादेशांच्या तारखा बघणाऱ्या माणसाने तारखाच पाहिल्या नाहीत. खोलीची अनामत आणि पहिले भाडे पोहोचताच भरावे लागले. विद्यावेतन मात्र तेथील बँक खात्यात जमा होणार होते. खाते उघडायला बँकेने पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागितला. नोंदणीसाठी सरकारी कार्यालयात आधी भेटीची वेळ घ्यावी लागते आणि ती मिळाली तीन आठवड्यांनंतरची. म्हणजे आधी पत्ता, मग नोंदणी, मग खाते आणि मग विद्यावेतन. यात जवळजवळ सहा आठवडे गेले. आम्ही तिला दिलेले पैसे चार आठवड्यांत संपले.

शुक्रवार, ७ जून. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले, तिकडे सहा. (उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते.) भाचीचा फोन आला. "मामा, माझ्याकडे १८ युरो आहेत." दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. नंतर रविवार. सोमवारी शाखा उघडल्याशिवाय कार्डात पैसे भरता येणार नव्हते. मी तिला काय सांगितले ते आता आठवत नाही, पण त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही.

ती मात्र आमच्यापेक्षा शहाणी निघाली. तिकडे नळाचे पाणी पिण्यायोग्य असते हे तिला पहिले काही दिवस माहीत नव्हते. विकतच्या पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या खोलीत साचल्या होत्या. अशा प्रत्येक बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते आणि रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की ती परत मिळते. शनिवारी सकाळी तिने २२ बाटल्या पिशवीत भरून नेल्या. साडेपाच युरो मिळाले. त्यातून तांदूळ, मसूर आणि कांदे आले. सोमवारी मी शाखा उघडण्याआधी दारात उभा होतो. आमच्या कर्मचारी पतसंस्थेतून कर्ज काढून दुपारपर्यंत कार्ड भरले.

यावरून पालकांनी एवढे करावे : विद्यावेतन कितीही असो, निदान दोन महिन्यांचा पूर्ण खर्च, खोलीच्या अनामतीसह, मुलाच्या हाती आधीच द्यावा. सगळा एका ठिकाणी ठेवू नये. थोडी रोख, बाकी परकीय चलनाच्या कार्डात आणि अडीअडचणीला एक दुसरे कार्ड वेगळ्या पिशवीत. पूर्वी यासाठी प्रवासी धनादेश असत, त्यांचे दिवस संपले. रोख परकीय नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंत नेता येतात. एवढ्या न्याव्यात असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची भीती आपल्यासारख्यांना नाही. पॅन कार्ड आणि ए-२ अर्ज मात्र लागतो. त्या अर्जावरची पालकाची सही आधीच करून घरी ठेवावी असे काही जण सुचवतात. मी बँकेचा माणूस म्हणून सांगतो, कोऱ्या अर्जावर सही कधीही करू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. तिकडच्या ए.टी.एम.वर किंवा दुकानात यंत्र विचारते, रक्कम रुपयांत हवी की युरोत? रुपया पाहून बरे वाटते आणि आपण तेच बटण दाबतो. तसे करू नये. त्या रूपांतराचा दर यंत्रवाला ठरवतो आणि तो सहसा महाग पडतो. नेहमी तेथीलच चलन निवडावे.

व्हिसा कोणता लागेल हे संस्थेच्या पत्रावर आणि वेतनाच्या स्वरूपावर ठरते. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही धरतात. या व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विम्याच्या कागदावरचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक मुलाच्या पाकिटात आणि घरच्या भिंतीवर, दोन्हीकडे असावा. युरोपात तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.

राहण्याच्या सवयींबद्दल फार लिहीत नाही, त्या आठवड्याभरात कळतात. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. सामाईक स्वयंपाकघरात आपला कप्पा ठरलेला. भाचीने पहिल्यांदा मिरचीची फोडणी दिली तेव्हा धुराची घंटा वाजून मजल्यावरची सगळी पोरे बाहेर आली. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे झोप लागत नाही. जाड पडदा नसेल तर खिडकीला सोलापुरी चादर लावावी, ती दुसऱ्या कशापेक्षा टिकते.

कामाच्या ठिकाणची अडचण अधिक गंभीर होती. आपल्या मुलांना वरिष्ठांनी काही सांगितले की मान डोलवून 'हो, समजले' म्हणण्याची सवय असते. न समजलेले विचारले तर आपली हुशारी कमी ठरेल ही भीती. आपल्यातील मुलांना ती जास्त वाटते, कारण 'जागा कशी मिळाली' हा टोमणा त्यांनी इकडे ऐकलेला असतो. भाचीला काम शिकवणाऱ्या संशोधक मुलीने दुसऱ्या आठवड्यात स्पष्ट विचारले, "तू प्रश्नच का विचारत नाहीस? तुला या कामात रस नाही का?" तिकडे न विचारणे म्हणजे अनास्था. त्या दिवशी रात्री तिने फोनवर विचारले, "मामा, मी परत येऊ का?" तारीख मला पक्की आठवते, २३ मे, बुद्धपौर्णिमा. इकडे विहारात वंदना होऊन खीर वाटप चालले होते आणि फोनवर तिला तो गलका ऐकू येत होता. ताईने फोन घेतला. समजूत वगैरे काही घातली नाही, फक्त म्हणाली, "उद्या एक प्रश्न विचार आणि मग मला फोन कर." दुसऱ्या दिवशी तिने तीन विचारले.

अशा वेळी आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येते. १९१० साली येथे जन्मलेला हा तरुण सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला निघाला. तिकडे ते चिनी भाषा बोलायला शिकले आणि पुढे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे तेथेच निधन झाले. बारा आठवड्यांत कोणी भाषा शिकत नाही, पण नमस्कार, आभार, माफ करा आणि 'मला समजले नाही' एवढी चार वाक्ये जाण्यापूर्वी पाठ करता येतात. चौथे सर्वांत उपयोगी.

आता ज्या गोष्टीबद्दल सहसा लिहिले जात नाही तिच्याबद्दल. परक्या देशात आपल्या देशाची माणसे आधार देतात हे खरे. पण भाची पहिल्या दोन रविवारी भारतीय विद्यार्थ्यांच्या जेवणाला गेलीच नाही. कारण विचारले तर म्हणाली, "आडनाव विचारतात." बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की परदेशातील पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पुसली गेली होती, १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आल्यावर राहायला जागा मिळेना तेव्हा ती परत जागी झाली. त्या काळी परदेशात आपले लोक थोडे होते. आज ते सर्वत्र आहेत आणि जाताना सगळेच सामान बरोबर नेतात. अमेरिकेतील सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावास बंदी करणारा नियम करावा लागला, तो काही हौस म्हणून नव्हे.

तिसऱ्या रविवारी भाची गेली. एका मुलाने आडनाव विचारले, तिने सांगितले. "म्हणजे मूळचे कुठले?" "सोलापूर." "तसे नाही..." तिने तेही सांगून टाकले. तो गप्प झाला आणि क्रिकेटकडे वळला. पुढच्या आठवड्यात तोच तिच्याकडे कुकर उसना मागायला आला. तिने दिला. मी असतो तर दिला असता की नाही, सांगता येत नाही.

निघण्याच्या आधी आवराआवर महिनाभर अगोदर सुरू करावी. खोलीची चावी देताना खोलीची छायाचित्रे काढून ठेवावीत, अनामत नंतर परत येते आणि तोवर खाते बंद करू नये. उरलेले परकीय चलन परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला विकायचे असते, २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येते. जर्मनीत मे २०२३ पासून देशभर साध्या गाड्यांत चालणारे मासिक तिकीट आहे. तेव्हा ते ४९ युरोला होते, पुढे दर वाढले. प्रवासाला ते फार सोयीचे, पण ते दरमहा आपोआप चालू राहते आणि बंद करायचे तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावे लागते. भाची ४ ऑगस्टला निघाली आणि तिने २० जुलैला कळवले. ऑगस्टचे ४९ युरो गेले. खोलीची अनामत सप्टेंबरात आली, पतसंस्थेचे कर्ज डिसेंबरात फिटले, पण ते ४९ युरो ताईच्या वहीत अजून लाल शाईने लिहिलेले आहेत.