हक्काचे पाणी आणि शेजाऱ्याचे कर्तव्य

नागरिकाचे हक्क कोणते, असे कोणी विचारले तर आपणांपैकी बहुतेकजण चटकन सांगतील : मत देण्याचा, बोलण्याचा, संघटना करण्याचा, न्याय मागण्याचा. कर्तव्ये कोणती, असे विचारले म्हणजे मात्र कर भरणे आणि कायदा पाळणे यांपुढे आपली यादी सहसा सरकत नाही. हक्क सरकारकडून घ्यावयाचे आणि कर्तव्य सरकारला द्यावयाचे, असा हा सरळ जमाखर्च आहे. पण आमच्या मते त्यात एक मोठे खाते उघडायचेच राहून जाते. ते म्हणजे शेजाऱ्याचे.

महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण घेऊ. सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गास वापरू द्याव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क मिळाला होता. तोही रीतसर, लेखी. तरी तीन वर्षे त्या पाण्याला त्यांचा हात लागू शकला नाही. अडवणारे सरकार नव्हते; अडवणारे गावकरी होते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्याच दिवशी परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, पुढे तळ्याची ‘शुद्धी’ झाली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले. बंदीची रूढी अनादिकाळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे लागली!

यातून काय घ्यावयाचे? हक्क ठरावाने जन्मतो, पण जगतो तो शेजाऱ्याच्या वागणुकीवर. आपल्या घटनाकारांनी हे नीट ओळखले होते. घटनेतील समतेचे १५ वे कलम पाहा. पहिल्या भागात ‘राज्याने’ भेदभाव करू नये असे सांगितले आहे. दुसऱ्या भागात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी व रस्ते यांच्या वापरात कोणाही नागरिकास जात, धर्म, लिंग इत्यादी कारणांवरून आडकाठी असू नये असे म्हटले आहे. तेथे बंधन केवळ सरकारवर नाही, तुम्हांआम्हांवरही आहे. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, ती कोणी पाळली तरी गुन्हाच. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये घटनेत आली. बंधुभाव वाढविणे हे त्यांतील एक. त्या कर्तव्यांच्या भंगासाठी स्वतंत्र शिक्षा तेथे नाही. म्हणूनच त्यांची खरी कसोटी कोर्टात लागत नाही, आळीत लागते.

महाडात त्या दिवसांत सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखे काही सवर्ण नागरिक परिषदेच्या बाजूने उभे राहिले. संख्येने थोडे, पण कर्तव्य म्हणजे काय, हे त्यांना कळले होते. खोली भाड्याने देताना आपण आडनाव विचारून थबकतो, किंवा दुसरा थबकलेला पाहून गप्प बसतो, तेव्हा घटनेने दिलेला एक हक्क आपल्या उंबऱ्याशी अडतो. तो पुढे जाऊ द्यायचा की नाही, हे सरकार ठरवीत नाही. ते आपण ठरवितो.