मांजराच्या खुणा, वाघाचा माग

मेळघाटात वाघ दिसणे हा नशिबाचा भाग. त्याची विष्ठा मात्र सापडते, तीही बहुधा जंगलवाटेवरच. तिच्यात हरणाचे केस असतात, हाडांचा चुरा असतो, जिवाणूंचा डीएनए तर भरपूर. वाघाचा स्वतःचा डीएनए मिळतो तो मुख्यतः वरच्या पातळ थरात. आतड्याच्या पेशी तिथे चिकटून येतात. तेवढा थर खरवडून अल्कोहोलमध्ये टाकायचा. वऱ्हाडातल्या मे महिन्यात चार दिवस उन्हात पडलेल्या विष्ठेत डीएनएचे तुकडेच उरतात, म्हणून तपासायच्या खुणाही, म्हणजे डीएनएतल्या ठराविक जागाही, आखूड लागतात.

आधी विष्ठा वाघाची की बिबट्याची, ते पाहायचे. मग ‘मायक्रोसॅटेलाइट’ तपासायचे. डीएनएत काही जागी सीए-सीए-सीए अशी अक्षरे ओळीने येतात. किती वेळा, ते प्रत्येक वाघात वेगळे असू शकते. एक आकडा आईकडचा, एक बापाकडचा. अशा अनेक जागांचे आकडे एकत्र पाहिले की वाघ ओळखू येतो. यातल्या कितीतरी जागा मुळात घरगुती मांजराच्या डीएनएत शोधलेल्या! मावशीचे हे उपकार वाघाने मानायला हवेत. अडचण एकच: खराब नमुन्यात दोनपैकी एक आकडा कधी कधी उमटतच नाही आणि भलताच वाघ कागदावर जन्मतो. त्यामुळे तीच चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

अशाच खुणा वापरून 2013 मध्ये मध्य भारतातल्या वाघांवर दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. संदीप शर्मा आणि सहकाऱ्यांनी मेळघाट, सातपुडा, पेंच व कान्हा इथले वाघ तपासले. जंगलपट्टा शाबूत आहे तिथे जनुकांची देवाणघेवाण टिकून होती. आदित्य जोशी, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सहा संरक्षित क्षेत्रांतल्या 55 वाघांचा. त्यात वाघ सुमारे 650 किलोमीटर गेल्याच्या खुणा मिळाल्या. वाघाला नुसते अंतर अडवत नाही, अडवतात ते रस्ते आणि वस्त्या, असे त्यातून दिसले. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला सी-वन वाघ पाच महिन्यांत 1,300 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा नुसते अंतर वाघाला अडवत नाही हे सगळ्यांनाच पटले.

अकोला-खंडवा रेल्वे जंगलातून न्यावी की बाहेरून, या वादाकडे म्हणूनच या आकड्यांतून पाहावे. जुनी मीटरगेज मेळघाटच्या पोटातून जायची. रुंदीकरणासाठी हिवरखेड-सोनाळा-जामोद असा बाहेरचा मार्ग सुचवला गेला. तो लांबचा पडतो खरा. पण त्या गावांनाही रेल्वे हवीच आहे.