दत्तक मूल : उपकार नव्हे, हक्क



दत्तकासारख्या घरगुती विषयावर कामगार संघटनेतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु संघटनेच्या कचेरीत माणूस पगाराचे गाऱ्हाणे घेऊन येतो आणि जाताना दाराशी थांबून घरातली गोष्ट विचारतो. ‘आम्ही मूल घ्यावे म्हणतो, कसे करायचे?’ हा असाच दाराशी विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याच्या पोटात आणखी आठदहा प्रश्न असतात. ते येथे उघड मांडावेत, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्याकडे दत्तक नवे नाही. १८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य खालसा केले ते दत्तक नामंजूर करून. १८७५ मध्ये कवळाण्याचा एक मुलगा बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा कोल्हापूरला गेला आणि शाहू महाराज झाला. दत्तक पुत्राच्या हातून केवढे काम होऊ शकते, याला याहून मोठा पुरावा नको. परंतु ते दत्तक गादीसाठी होते. साध्या घरांतले दत्तकही पिंडासाठी, नाहीतर जमिनीसाठी. घराण्याला काय हवे ते सर्वांना ठाऊक असे. मुलाला काय हवे, हे कोणी विचारीत नसे.

आजचा कायदा मुलाकडून विचार करतो. हा फरक ध्यानात घेतला की पुढची उत्तरे सोपी होतात.

पहिला प्रश्न असतो वाटेचा. वाटा मुख्यतः दोन आहेत. नात्यातले किंवा ओळखीतले मूल त्याच्या आईबापांकडून घ्यायचे, तर हिंदूंना, म्हणजे कायद्याच्या भाषेत बौद्ध, जैन व शीख यांनाही, १९५६ चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा आहे. मूल साधारणतः पंधरा वर्षांच्या आतले व अविवाहित असावे लागते. घरात मुलगा असता मुलगा, किंवा मुलगी असता मुलगी, या कायद्याने दत्तक घेता येत नाही. मूल प्रत्यक्ष दिले-घेतले गेले पाहिजे. आणि त्याचा दस्त नोंदवून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. देवासमोर शब्द दिला होता, हे पुढे वारसाच्या भांडणात कोणी ऐकत नाही.

अनाथ, सोडून दिलेल्या किंवा आईबापांनी स्वाधीन केलेल्या मुलांसाठी दुसरी वाट आहे : २०१५ चा बालन्याय कायदा. तो सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांना पूर्वी १८९० च्या कायद्याने बहुधा केवळ पालकत्व मिळे. बालन्याय कायद्याने मूल दत्तक घेण्यास कोणाचा धर्म आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या खटल्यात २०१४ साली स्पष्ट केले. एकटी स्त्रीही मुलगा अथवा मुलगी घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही.

‘आमचा पगार पुरेल का? घर भाड्याचे आहे.’ अमुकच पगार हवा, अशी अट नाही. मूल सांभाळण्याची ऐपत, प्रकृती आणि मनाची तयारी पाहिली जाते. त्यासाठी समाजकार्यकर्ती घरी येते. तिला पाहून उसने सोफे मांडू नयेत. तिला घर पाहायचे असते, थाट नव्हे. वयाचा हिशेब मात्र आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचे मूल घ्यायचे तर पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक नसावी. मोठ्या मुलासाठी ही मर्यादा वाढत जाते.

‘किती थांबावे लागेल?’ तान्ह्या मुलासाठी काही वर्षेही. ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी होते आणि पाळी नोंदणीच्या क्रमाने येते. ज्येष्ठतेच्या यादीसाठी आम्ही कारखान्यांतून भांडलो. येथे ती आयती आहे, तर तिच्यात वशिला शोधू नये. विलंबाचे एक कारण न्याय्यही आहे. मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. दारिद्र्याने किंवा धाकाने मूल सोडणाऱ्या त्या बाईचाही काही हक्क आहे, हे आपण विसरू नये.

रुग्णालयातून किंवा दलालाकडून ‘परस्पर’ मूल मिळवून देतो, असे सांगणारे भेटतात. त्यांच्या दाराशी जाऊ नका. मुलाची खरेदी-विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय, असे मूल उद्या कोणीही मागायला आले तर तुमच्या हाती कागद नसतो. हजेरीपटावर नाव नसलेल्या कामगाराचे काय होते, ते आपण जाणतो. रीतसर दत्तकात ठरीव शुल्काची पावती मिळते, २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी आदेश देतात आणि जन्मदाखल्यावर तुमचे नाव लागते. त्या क्षणापासून ते तुमचे मूल, वारसाहक्कातही औरसाइतकेच.

‘जात कोणती असेल? रक्त कसले असेल?’ हा प्रश्न हलक्या आवाजात येतो. प्रकृतीविषयी विचारा, वैद्यकीय अहवाल मिळतो, तो आपल्या डॉक्टरला दाखवता येतो. जात विचारायची असेल तर मात्र दत्तकाच्या भानगडीत पडू नका. आईच्या हाताला लागलेल्या मुलाला आपली जात ठाऊक नसते. ती आपण शिकवतो.

‘आणून पाहू, नाही जमले तर?’ १९५६ च्या कायद्याने रीतसर झालेले दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही. मूल उमेदवारीवर ठेवलेला नोकर नव्हे.

आता नोकरीचा प्रश्न. २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवड्यांची प्रसूतिरजा दिली, पण मूल तीन महिन्यांच्या आतले असावे, अशी अट घातली. मूल दत्तकासाठी मोकळे होण्यातच दोन महिने जाणार. म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले. दोन वर्षांचे मूल नव्या घरात रात्रभर रडते, त्यालाही आई जवळ हवी. रजा मूल घरी आल्या दिवसापासून मोजावी, त्याच्या वयावरून नव्हे, ही मागणी प्रत्येक संघटनेच्या पत्रकात असली पाहिजे.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड : ‘मुलाला सांगावे का?’ सांगावे, आणि लहानपणीच, गोष्टीत गोष्ट म्हणून सांगावे. चाळीत काही लपत नाही. तुम्ही सांगितले नाही, तर नळावरच्या भांडणात कोणीतरी सांगेल, आणि ते शिवी म्हणून सांगेल. अठराव्या वर्षानंतर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी त्याला स्वतः अर्ज करता येतो. तेव्हा तुम्ही बरोबर असावे.

मात्र सांगताना ‘तुला आम्ही आणले म्हणून’ हे शब्द तोंडून जाऊ देऊ नयेत. आपण मजुरी मागतो ती हक्काची म्हणून. मालकाने तिला बक्षिसी म्हटले की आपल्याला राग येतो. घरातल्या मुलालाही तोच राग येण्याचा अधिकार आहे. जेवण, शाळा, नाव आणि माया ही त्याला हक्काने मिळायची आहेत. हे ज्यांना पटते, त्यांनी उद्याच सरकारमान्य दत्तक संस्थेत जाऊन चौकशी करावी. ज्यांना पटत नाही, त्यांनी आणखी थोडे थांबावे.